चहाच्या मळ्यातली चाळिशी विडीच्या सुपाला चालेल का?

मराठीत चाळिशी म्हणजे वय आणि चाळिशी म्हणजे चष्मासुद्धा. "आजीची चाळिशी कुठं गेली?" असं कोणी विचारलं तर घरातली पोरं आजीचं वय शोधत नाहीत, उशीखाली हात घालतात. चाळीस ओलांडली की जवळचं धूसर होणार हे इतकं ठरलेलं, की भाषेनं दोन्हींना एकच नाव देऊन टाकलं. पुस्तकात याला प्रेसबायोपिया म्हणतात. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयानुसार ताठर होतं, जवळ बघताना त्याला जो फुगीर आकार घ्यावा लागतो तो घेता येत नाही, आणि सुईत दोरा ओवताना हात लांब लांब जायला लागतो. हा आजार नाही, पण त्यामुळे काम अडतं.

आज ज्या पेपरबद्दल लिहितेय तो मी माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मोठ्या ऐटीत वापरला होता. वाक्य असं होतं: "जवळच्या चष्म्यामुळे कामगारांची उत्पादकता 21.7 टक्के वाढते." गाईड मॅडमनी पेन्सिलीनं त्याखाली एवढंच लिहिलं, "कशाच्या 21.7 टक्के?" मला सांगता आलं नाही. तुम्ही पेट देऊन संशोधनात उतरणार असाल तर हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येणारच, म्हणून माझी फजिती तुमच्या कामी यावी.

पेपर 2018 चा, ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधला. लेखक प्रिया रेड्डी, नेथन काँग्डन आणि सहकारी. ‘प्रॉस्पर’ नावानं ही चाचणी ओळखली जाते. आसामच्या चहामळ्यांत 40 आणि त्यापुढच्या वयाचे कायम कामगार घेतले. 1,297 जणांना तपासलं, त्यातले 751 पात्र ठरले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले: 376 जणांना जवळचा चष्मा लगेच, 375 जणांना अभ्यास संपल्यावर. चष्म्याचा नंबरही ज्या अंतरावर पानं खुडली जातात त्या अंतराला जुळवून दिलेला. आधी जून 2017 मध्ये चार आठवडे प्रत्येकानं रोज किती किलो पानं खुडली ते नोंदवलं, मग 24 जुलै ते 7 ऑक्टोबर असे अकरा आठवडे पुन्हा तेच.

आता आकडे. चष्मा मिळालेला गट रोज 25.0 किलोवरून 34.8 किलोवर गेला, वाढ 9.84 किलो. चष्मा न मिळालेला गट 26.0 वरून 30.6 वर गेला, वाढ 4.59 किलो. दोन वाढींतला फरक 5.25 किलो.

इथं थांबा आणि कागद-पेन घ्या. खरंच घ्या, मोबाईलवर वाचत असाल तरी.

चष्म्याच्या गटाची वाढ स्वतःच्या सुरुवातीच्या 39.4 टक्के. दुसऱ्या गटाची वाढ 17.7 टक्के. एकातून दुसरं वजा केलं की 21.7. म्हणजे तो आकडा दोन टक्केवारींमधला फरक आहे, काही ‘च्या’ टक्के नाहीच. आता वेगळा प्रश्न विचारू: चष्मा दिलाच नसता तर याच लोकांनी किती पानं खुडली असती? दुसऱ्या गटाइतकीच वाढ धरली तर 25.0 अधिक 4.59, म्हणजे साधारण 29.6 किलो. प्रत्यक्षात खुडली 34.8. या हिशेबानं चष्म्याचं देणं 17.7 टक्के होतं (मघाशीसुद्धा 17.7 आला होता, पण तो निव्वळ योगायोग, दोन्हींची गल्लत करू नका). आणि शेवटच्या पातळ्याच समोरासमोर ठेवल्या, 34.8 विरुद्ध 30.6, तर फरक उरतो जेमतेम 13.7 टक्के, कारण चष्म्याचा गट मुळात एक किलो मागून निघाला होता.

एकाच तक्त्यातून 39, 22, 18 आणि 14. एकही आकडा खोटा नाही. लेखकांनी 21.7 दिला आणि किलोतला फरक, त्याची विश्वासमर्यादा (4.50 ते 5.99) शेजारीच दिली, त्यामुळे त्यांनी लपवाछपवी केली असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार आमच्यासारख्या वाचणाऱ्यांबद्दल आहे. आपण सारांशातला सगळ्यात गोंडस आकडा उचलतो आणि त्याचा छेद काय होता हे बघत नाही. मॅडमना आता मी "रोज 5.25 किलो" असं लिहून देते. किलोला छेद लागत नाही.

या चाचणीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र दुसऱ्या गटाचे ते 4.59 किलो आहेत. त्यांना काहीच दिलं नव्हतं, तरी त्यांचं काम वाढलं. मळ्यात पानांचा बहर महिन्यागणिक बदलतो, आपल्यावर कुणाची नजर आहे हे कळलं की माणूस जरा नेटानं हात चालवतो, अशी कारणं असू शकतात. हा गट नसता तर 39 टक्के वाढीचं सगळं श्रेय चष्म्यानं खाल्लं असतं. आणि आपल्याकडे शिबिरांचे अहवाल नेमके असेच असतात ना? चष्मेवाटपाआधी विचारलं, तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं, फरक दाखवला, फोटो काढला. धान कापणीच्या तोंडावर आधीची नोंद आणि कापणीनंतर नंतरची नोंद घेतली तर गोंदिया जिल्ह्यात कोणत्याही गोष्टीनं उत्पन्न वाढल्याचं सिद्ध करता येईल, अगदी टोपी वाटूनही.

आता माझ्या घरची गोष्ट, कारण हा विषय मी तिथूनच घेतला.

आमच्याकडे गोंदिया-भंडारा पट्ट्यात विडी हा जुना धंदा. पान जंगलातून येतं, तंबाखू आणि धागा ठेकेदाराकडून, आणि हात घरातल्या बायकांचे. तेंदूचं पान भिजवायचं, ओल्या फडक्यात ठेवायचं, फर्मा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, धागा बांधायचा. सूप मांडीवर. आई बेचाळीस-त्रेचाळीसची असेल तेव्हा एक दिवस म्हणाली, "मले धागा दिसत नाही, तू बस." मी तेव्हा आठवीत. त्यानंतर दोन वर्षं शाळेतून आले की पानं कापायला मी आणि धागा बांधायलाही मी. वळायचं काम आईच करायची. ते तिला डोळे मिटूनही यायचं.

तिनं चष्मा घेतलाच नाही असं नाही. आठवडी बाजारात चादरीवर मांडलेल्यातला एक उचलला, विकणाऱ्यानं हातात पेपर दिला, अक्षरं मोठी आणि काळीभोर दिसली, घेतला. घरी आल्यावर तो लावून विडी वळायची तर मान सुपात घालावी लागायची. डोकं दुखायचं. आठवड्याभरात चष्मा पत्र्याच्या डब्यात गेला, आणि "आपल्याले नाही जमत" असं ठरलं. बऱ्याच वर्षांनी नीट तपासणी झाली तेव्हा कळलं की तिचा नंबर त्याच्यापेक्षा बराच कमी होता.

यातलं गणित सोपं आहे आणि ते प्रत्येकाला यायला हवं. डायॉप्टर म्हणजे अंतराचा (मीटरमध्ये) व्यस्त. दूरची नजर चांगली असेल आणि डोळ्याची स्वतःची जुळवून घेण्याची ताकद जवळपास संपली असेल, तर अधिक 3 नंबरच्या चष्म्यातून साधारण 33 सेंटिमीटरवर स्वच्छ दिसतं, अधिक 2.5 मधून 40 वर, अधिक 1.5 मधून 67 च्या आसपास. चाळिशीत थोडी ताकद शिल्लक असते, म्हणून कमी नंबरात भागतं. जास्त नंबर म्हणजे जास्त चांगला चष्मा नव्हे. तो वस्तू जवळ ओढतो, आणि मांडीवरचं सूप जवळ येत नाही, म्हणून मान खाली जाते. प्रॉस्परवाल्यांनी कामाच्या अंतराला नंबर जुळवला हे पेपरातलं एक छोटं वाक्य आहे, आणि माझ्या मते अर्धं यश त्या वाक्यात आहे. त्यांचा चष्मा, तो पोचवण्याच्या खर्चासह, सरासरी 10.20 डॉलरचा होता. ही किंमत काचेची कमी आणि त्या जुळवणीची जास्त. "स्वस्त चष्मा वाटा" असा निष्कर्ष काढणाऱ्यानं हे वाक्य वाचलेलं नसतं.

मग हा पेपर उचलून गोंदियात लावता येईल का? माझं उत्तर: दिशा लावता येईल, आकार नाही. कारणं थोडी विस्कळीतपणे सांगते, कारण ती मलाही एका रांगेत सुचली नाहीत.

पहिलं, कोण पात्र ठरलं ते बघा. दूरची नजर 6/7.5 किंवा त्याहून चांगली, डोळ्याचा दुसरा विकार नाही, आणि जवळची नजर चष्म्यानं पूर्ण सुधारणारी. तपासलेल्यांपैकी 57.9 टक्केच गाळणीतून खाली आले. शुद्ध प्रश्नासाठी हे बरोबरच आहे: चष्म्याचा परिणाम मोजायचा तर मोतीबिंदूवाला माणूस घेऊन काय करणार? पण तुमच्या गावातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मोतीबिंदू सुरू झालेल्याही असणार. त्यांना हाच चष्मा दिला तर 5.25 किलोच्या तोलाचं काही मिळेल असं हा पेपर म्हणतच नाही.

दुसरं, वजनकाटा. चहा वजनावर मोजला जातो, रोज, दुसऱ्याच्या हातानं, प्रत्येकाचा वेगळा. याहून प्रामाणिक मोजमाप संशोधकाला मिळणं कठीण. कुणाला चष्मा मिळाला हे सगळ्यांना दिसत होतं (चष्मा लपवणार कसा?), पण काटा कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून तो दोष इथं फार बोचत नाही. विडीत हजारावर मजुरी, म्हणजे मोजणी आहेच. पण आमच्या घरी कार्ड एकाच्या नावावर आणि हात तिघींचे होते. ठेकेदाराच्या वहीत आईच्या नावापुढे जो आकडा होता त्यात माझी आठवी आणि नववी मिसळलेली आहे. अशा वहीवरून आईची ‘उत्पादकता’ काढली असती तर तिची नजर गेल्यावरही आकडा तिथंच राहिला असता आणि संशोधक लिहून मोकळा झाला असता की प्रेसबायोपियाचा विडीकामावर परिणाम नाही.

तिसरं, जास्त काम म्हणजे जास्त पैसा का? आसामच्या मळ्यांत सर्वसाधारण पद्धत अशी की दिवसाची ठरलेली मजुरी, आणि ठरलेल्या वजनापेक्षा जास्त खुडलं तर वर थोडे पैसे. म्हणजे वाढलेल्या पाच किलोंचा फायदा मळा आणि मजूर यांच्यात वाटला जातो, आणि तो कसा वाटला हे किलो सांगत नाहीत. विडीत हजारी मजुरी असली तरी ठेकेदार पान आणि तंबाखू मोजूनच देतो. माल संपला की तुमची नजर कितीही तेज असो, काम संपलं.

पैशाचा प्रश्न थेट विचारणारा अभ्यास नंतर आला: बांगलादेशातला ‘थ्राइव्ह’, 2024, ‘प्लॉस वन’मध्ये. 35 ते 65 वयाचे 824 जण, वेगवेगळ्या हातकामांतले. सुरुवातीला दोन्ही गटांची मासिक कमाई (मध्यांक) 35.3 डॉलर. आठ महिन्यांनी चष्म्याच्या गटाची 47.1 आणि दुसऱ्याची तिथंच, 35.3. वाढ 33.4 टक्के. बातम्यांत हाच आकडा फिरला. इथं छेदाचा घोळ नाही, गणित स्वच्छ आहे. पण कमाई लोकांनी स्वतः सांगितलेली आहे, आणि चष्मा कुणी दिला हे सांगणाऱ्याला ठाऊक आहे. वजनकाट्याला भीड नसते, माणसाला असते. आपल्याकडेही चष्मा देणाऱ्यानं "फायदा झाला का?" विचारलं तर कोण नाही म्हणेल? म्हणून मी थ्राइव्हला प्रॉस्परपेक्षा एक पायरी खाली ठेवते, प्रश्न मात्र त्याचा जास्त कामाचा वाटतो. तुम्ही उलट क्रम लावाल तर भांडायला तयार आहे.

चौथं कारण मला फार उशिरा सुचलं: उजेड. भर उजेडात बाहुली लहान होते आणि लहान बाहुलीतून जवळचं-लांबचं दोन्ही थोडं बरं दिसतं. मळा उघड्यावर असतो. विडी घराच्या आत, संध्याकाळी एका बल्बखाली वळली जाते, बाहुली मोठी, धूसरपणा जास्त. म्हणजे विडीवाल्या बाईला चष्म्याचा फायदा चहावालीपेक्षा जास्तही होऊ शकतो. मी आतापर्यंत सगळी कारणं परिणाम कमी होण्याची दिली, हे एक उलट दिशेचं. परीक्षण लिहिताना आपण ज्या बाजूला झुकलेलो असतो त्याच बाजूची कारणं सुचत जातात, तेव्हा एक तरी विरुद्ध कारण हुडकून काढायची सवय लावा.

बाहुलीवरून आठवलं. चष्म्याशिवाय जवळचं दिसावं म्हणून पायलोकार्पिनचे थेंब आले आहेत. काचबिंदूसाठी वापरलं जाणारं हे जुनं औषध बाहुली आकसवतं. अमेरिकेत 2021 मध्ये असे थेंब या कामासाठी मंजूर झाले. आपल्याकडे मुंबईच्या एका कंपनीच्या थेंबांना ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली, वाचनाचा चष्मा सुटणार अशा बातम्या झळकल्या, आणि सप्टेंबरमध्येच ती परवानगी स्थगित झाली, कारण मंजुरीत नसलेले दावे प्रचारात केले गेले असं नियंत्रकांचं म्हणणं होतं. मंजुरीचा कागद आणि बातमीचा मथळा शेजारी ठेवून वाचायचा सराव करायला यासारखं उदाहरण नाही. शिवाय कमी उजेडात आकसलेली बाहुली म्हणजे आणखी अंधार, त्यामुळे बल्बखालच्या सुपाला हा उपाय किती उपयोगी पडेल, मला शंकाच आहे.

कॉन्टॅक्ट लेन्सचंही लोक विचारतात. एका डोळ्याला लांबचं आणि दुसऱ्याला जवळचं, किंवा एकाच लेन्समध्ये अनेक अंतरं, असे प्रकार आहेत, आणि शहरात कार्यालयात बसणाऱ्याला चालतातही. दिवसभर तंबाखूत असलेल्या बोटांनी डोळ्यात लेन्स घालायची आणि काढायची ही कल्पना मी आईला सांगितली नाही. बायफोकल मात्र विचार करण्यासारखा: खाली सूप, वर दारात आलेला माणूस, दोन्ही दिसतं. फक्त पायऱ्या उतरताना खालच्या भिंगातून पाऊल धूसर दिसतं, ते समजावून सांगावं लागतं.

आता तुमच्या थेट कामाचं, नमुन्याचा आकार. प्रॉस्परमध्ये परिणामाचं प्रमाणित माप 1.01 आलं. सामाजिक क्षेत्रात हे प्रचंड मोठं आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात मी तेच धरलं होतं. ढोबळ सूत्र असं की 16 भागिले मापाचा वर्ग, एवढी माणसं प्रत्येक गटात (80 टक्के शक्ती, 5 टक्के पातळी). 1.01 धरलं तर गटात 16 बायका पुरतात! मी खूश, एका टोलीतच अभ्यास आटोपणार. पण वर सांगितलेल्या कारणांनी माप 0.3 वर आलं तर लागतात 178. आणि एका घरातल्या, एकाच ठेकेदाराच्या बायका एकमेकींसारख्याच असणार, म्हणून त्याहूनही जास्त. दुसऱ्याच्या उत्तम परिस्थितीतलं माप आपल्या सूत्रात घातलं की आपला अभ्यास आपोआप अपुरा पडतो, आणि मग "परिणाम आढळला नाही" असं लिहून आपण एका चांगल्या चष्म्याची बदनामी करतो.

आरआरसीसमोर गेलेल्या सुधारित आराखड्यात मी मुख्य मोजमापच बदललं. वळलेल्या विड्या दुय्यम ठेवल्या. मुख्य प्रश्न असा: गेल्या सात दिवसांत पानं कापायला आणि धागा बांधायला तुमच्याशिवाय घरातलं कोण बसलं, आणि किती वेळ? सदस्यांपैकी एकांनी विचारलं, "याचा डोळ्यांशी काय संबंध?" मी उत्तर दिलं, पण सात मिनिटांत नीट देता आलं नाही. त्यांनी पूर्वचाचणी करून या म्हणून सांगितलं आहे. तीस घरं, आमगाव आणि सालेकसा तालुक्यांत, धान कापणी पूर्ण आटोपल्यावर. प्रश्नावलीचा मसुदा आईला वाचून दाखवला तेव्हा तिनं एक दुरुस्ती सुचवली: "कोण बसलं" असं आईला विचारू नको, ती पोरीचं नाव घेणार नाही. पोरीलाच वेगळं विचार.

ती दुरुस्ती केली आहे. त्यामुळे आता अल्पवयीन मुलींची संमती, पालकांची संमती आणि नैतिकता समितीचा वेगळा अर्ज, असं सगळं नव्यानं आलं. पुढची पोस्ट त्या अर्जावर.